पॉवर प्रेसचा आवाज नेमका कुठून येतो? (६३ टनी सी-फ्रेम, हिंगणा एमआयडीसी)

हिंगणा_प्रेसशॉप, सोमवार सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. मशीनचा तपशील आधीच देतो, म्हणजे नेमकं बोलता येईल.

६३ टनी सी-फ्रेम (पुढून उघडी, C आकाराची), फॅब्रिकेटेड म्हणजे प्लेटा वेल्ड करून केलेली बॉडी, गिअरवाली, न्यूमॅटिक क्लच-ब्रेक. स्ट्रोक ८० मिमी, मिनिटाला ६०. एक्सेंट्रिक रिंग असल्याने स्ट्रोक कमी-जास्त करता येतो. जॉब म्हणजे २ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याची ८० मिमी व्यासाची चकती, तिला १० मिमीची चार भोकं. कंपाउंड डाय आहे (चकती आणि भोकं एकाच स्ट्रोकमध्ये कापणारी), चकती वरच्या डायमधून नॉकआउटने (आतून ढकलणाऱ्या बारने) पडते आणि ६ मिमीच्या नळीतून हवेचा फवारा तिला मागच्या लोखंडी पेटीत उडवतो.

ऑपरेटरला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. प्रेसच्या पायाखाली रबर पॅड टाकायचा विचार आहे. त्याने किती फरक पडेल? आणि मुळात एवढा आवाज होतो कशामुळे?

कळमेश्वर_फिटर, सकाळी १०.०५

पॅड टाकाच. फाउंडेशन बोल्ट थेट काँक्रीटमध्ये असले की सगळा शेड हादरतो. पॅड टाकल्यावर पाणसळ लावून चारही पाय पुन्हा लेव्हल करा. एक पाय अधांतरी राहिला तर सी-फ्रेम डुलते आणि रॅमचे (वर-खाली जाणाऱ्या भागाचे) जिब, म्हणजे सरकायच्या पट्ट्या, एका बाजूने घासायला लागतात.

कंपन_मापक, सकाळी १०.३०

फिटरभाऊ, लेव्हलचं शंभर टक्के बरोबर. पण पॅडने ऑपरेटरच्या कानावरचा आवाज उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. पॅड जमिनीतून जाणारी कंपनं अडवतो. भिंतीपलीकडे ऑफिस असेल, शेजारच्या प्लॉटवर ग्राइंडिंग मशीन असेल, त्यांना आराम पडेल. ऑपरेटरच्या कानात शिरणारा आवाज मात्र हवेतून येतो. डाय, बॉडीच्या प्लेटा, गार्डचा पत्रा आणि हवेची नळी हे त्याचे उगम, आणि पॅडमुळे त्यातलं काहीच बदलत नाही.

वर्धारोडचा_भाऊ, सकाळी १०.५२

भाऊ, पॅडचे पैसे खिशातच ठेवा सध्या. आधी आवाज कुठून येऊन राहिला ते तर पाहा! ‘ठण्ण’ वेगळा, ‘ठक’ वेगळा, ‘फुस्स’ वेगळा. तिघांचं औषध एक नाही.

डायमेकर_इतवारी, दुपारी १२.१५

‘ठण्ण’बद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच लोकांचा गैरसमज असतो.

पंच पत्र्यावर आदळतो म्हणून आवाज येतो असं वाटतं. आदळण्याचा आवाज असतोच, पण मोठा आवाज त्यानंतर काही मिलिसेकंदांनी, पत्रा तुटताना येतो. मऊ पोलादाचा पत्रा पूर्ण जाडीभर कापला जात नाही. पंच साधारण जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत शिरतो, तिथे चकचकीत पट्टा तयार होतो आणि उरलेला भाग एकदम फाटतो. चकतीची कड भिंगातून बघा. वर गुळगुळीत पट्टा, खाली खरबरीत राखाडी भाग दिसेल. त्या राखाडी भागाच्या क्षणी ‘ठण्ण’ होतं.

आता हिशोब. चकतीचा परीघ २५१ मिमी, चार भोकांचा मिळून सुमारे १२६, एकूण ३७७ मिमी. गुणिले जाडी २, गुणिले शिअर स्ट्रेंग्थ अंदाजे ३०० न्यूटन प्रति चौरस मिमी. येतात २२६ किलोन्यूटन, म्हणजे २३ टन. हा लोड चढत असताना सी-फ्रेमचं तोंड किंचित उघडतं आणि बॉडी स्प्रिंगसारखी ताणली जाते. पत्रा फाटला की २३ टन क्षणात शून्य होतात. ताणलेली बॉडी मागे झटका मारते, रॅम खाली उसळतो, पिटमन (क्रँक आणि रॅमला जोडणारा दांडा) आणि बेअरिंगमधली सगळी फट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि बॉडीच्या मोठ्या सपाट प्लेटा ढोलाच्या पानासारख्या वाजतात. फॅब्रिकेटेड बॉडी हे जास्त करते. बीडाच्या बॉडीत कंपन लवकर विरतं.

या उलट्या झटक्याला यांत्रिक प्रेस साधारण आपल्या क्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंत सोसते असा अंगठेनियम आहे. तुमच्या प्रेसला म्हणजे ६ टनांच्या आसपास. ६३ टनी प्रेसवर २३ टनांचं काम म्हणून निर्धास्त राहू नका. आवाज हा त्या झटक्याचाच पुरावा आहे आणि तोच झटका टाय रॉड, बेअरिंग, बोल्स्टरचे (डाय बसवायच्या जाड पाटाचे) बोल्ट यांचं आयुष्य खातो.

हिंगणा_प्रेसशॉप, दुपारी १२.४०

म्हणजे लोड कमी करायचा की लोड सुटण्याची पद्धत बदलायची?

डायमेकर_इतवारी, दुपारी १.०५

दोन्ही, आणि दोन्ही टूलमध्येच होतं.

पहिलं, शिअर. कापणारी धार सपाट न ठेवता उतरती ठेवली की सगळा परीघ एकदम तुटत नाही, कात्रीसारखा सरकत कापला जातो. जाडीएवढा शिअर दिला तर सर्वोच्च लोड साधारण निम्म्यावर येतो. काम तेवढंच होतं, फक्त जास्त अंतरात वाटलं जातं. तुमची चकती सपाट हवी, म्हणून शिअर डायवर द्यायचा, पंचवर नाही. पंचवर दिलात तर चकती वाकेल आणि स्क्रॅप सपाट राहील. कंपाउंडमध्ये ब्लँकिंग डाय वर असते, तेव्हा वरच्या डायच्या तोंडावर द्या. एका बाजूने उतार देऊ नका, बाजूचा रेटा येऊन क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) एकीकडे सरकतो. घराच्या छपरासारखे दोन समान उतार द्या. ४० मिमीत २ मिमी उतार म्हणजे जेमतेम तीन अंश. मात्र धार लावताना प्रत्येक वेळी हाच कोन परत आणावा लागतो, सपाट ग्राइंडिंगची सवय असलेल्या माणसाला हे सांगून ठेवा.

दुसरं, पंचांची उंची मागे-पुढे करणं. भोकांचे पंच ब्लँकिंग डायच्या तोंडापेक्षा आखूड ठेवा. मोठा कट आधी, बारीक नंतर. त्याने बारीक पंच तुटण्याचं प्रमाणही कमी होतं.

स्टॅम्पिंग_विदर्भ, दुपारी १.३०

किती आखूड? आमच्याकडे सरसकट जाडीएवढा फरक ठेवतात, म्हणजे इथे २ मिमी.

डायमेकर_इतवारी, दुपारी १.५०

२ मिमी ठेवलात तर कमाल लोड २३ वरून १५ टनांवर येईल, हे खरं. पण चकतीचा कट पूर्ण सुटेपर्यंत भोकांचे पंच पत्र्याला लागणारच नाहीत. आधी १५ टनांचा झटका सुटेल, मग ८ टनांचा वेगळा. एकाऐवजी दोन आवाज. फरक जाडीच्या पाव भागाएवढा, म्हणजे ०.५ मिमी ठेवा. चकतीचा कट ०.७ मिमीच्या सुमाराला फाटेल, तेव्हा भोकांचे पंच ०.२ मिमी शिरून लोड घेत असतील. सुटणाऱ्या बॉडीला ते खालून आधार देतात. शेवटी सुटतो तो भोकांचा ८ टनांपेक्षा कमी लोड.

स्टॅम्पिंग_विदर्भ, दुपारी २.१०

तत्त्व पटलं. पण ०.५ मिमी फरकात ग्राइंडिंगचं गणित फार नाजूक होतं. डाय ०.२ घासली आणि पंच घासायचे राहिले की फरक ०.३ वर आला. प्रॉडक्शनमध्ये हे सांभाळणार कोण? जाडीएवढा फरक हा चुकांना माफ करणारा आकडा आहे, म्हणून मी त्याच्या बाजूने.

डायमेकर_इतवारी, दुपारी २.३०

हा मुद्दा रास्त आहे. त्यासाठी टूल कार्डवर दोन्ही उंच्या लिहा आणि प्रत्येक रिग्राइंडनंतर डेप्थ मायक्रोमीटरने मोजा. मोजायची शिस्त नसेल तर तुमचा आकडा चालवा, पण मग शिअर दिल्याशिवाय सोडू नका.

क्लिअरन्स_काका, दुपारी ३.००

धारेचं राहिलं. बोथट धारेला लोड जास्त लागतो, बर (कापलेल्या कडेवर उरणारी खरखरीत धार) वाढतो, आवाजही जड होतो. बर जाडीच्या १० टक्क्यांवर, म्हणजे ०.२ मिमीवर गेला की टूल उतरवा. क्लिअरन्स मऊ पोलादाला एका बाजूला जाडीच्या ५ ते १० टक्के. बर येऊ नये म्हणून काहीजण ३ टक्क्यांवर जातात. त्याने कडेवर दुसरा चकचकीत पट्टा उमटतो, पंच परत वर येताना पत्रा आवळून धरतो आणि स्ट्रिपिंगचा (पत्रा पंचावरून सोडवण्याचा) फटका वाढतो.

सेटर_नं_१, दुपारी ३.२५

वरचं सगळं टूलरूमचं. सेटरच्या हातात असलेल्या दोन गोष्टी सांगतो, दोन्ही फुकट.

एक, पंच डायमध्ये किती आत घालता? सवयीने ३ मिमी घालतात. पत्रा कापायला १ मिमी पुरतो. जास्त आत घातला की कट खालच्या टोकापासून जास्त उंचीवर सुरू होतो आणि तिथे रॅमचा वेग जास्त असतो. ८० मिमी स्ट्रोक आणि ६० एसपीएमला (मिनिटाला ६० स्ट्रोक), टोकाच्या ५ मिमी वर वेग सेकंदाला सुमारे १२२ मिमी असतो, ३ मिमी वर ९५. केवळ सेटिंगने आदळण्याचा वेग पाचव्या हिश्श्याने उतरला. फार कमी घालू नका, भोकांचे गुटखे (कापून निघालेले तुकडे) वर चढून येतात.

दोन, स्ट्रोक. २ मिमीच्या सपाट चकतीला ८० मिमी स्ट्रोक कशाला? ५० वर आणा, बाकी तेच ठेवलं तर ५ मिमी उंचीवर वेग ९४ होतो. स्ट्रोक ८० चा ५० केला की खालचं टोक १५ मिमी वर जातं, तेवढा रॅम स्क्रूने खाली घ्यावा लागतो. आणि वरचं टोक ३० मिमी खाली येतं, म्हणून नॉकआउटचे स्टॉपर बोल्टही ३० मिमी खाली आणा, नाहीतर चकती डायमध्येच अडकून राहील आणि पुढच्या स्ट्रोकला दोन चकत्या एकमेकींवर येतील. हे विसरल्यामुळे डाय फुटते. बदल केल्यावर पहिला फेरा फ्लायव्हील हाताने फिरवून किंवा इंचिंगवर (थोडं थोडं सरकवत) घ्या.

वर्धारोडचा_भाऊ, दुपारी ३.४०

सेटरभाऊ, हे सोन्यासारखं लिहिलं. राजेहो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मेंटेनन्स_बुटीबोरी, दुपारी ४.१५

नॉकआउटचा विषय निघालाच आहे तर ‘ठक’बद्दल. स्ट्रोकच्या वरच्या टोकाला ठक ऐकू आलं तर पहिला संशय नॉकआउट बारवर. बार दोन स्टॉपर बोल्टांवर लोखंडावर लोखंड आपटतो. बऱ्याच ठिकाणी बोल्ट गरजेपेक्षा १०-१५ मिमी खाली ठेवलेले असतात, बार उगाच जास्त आपटतो. चकती सुटायला लागतं त्याहून १-२ मिमी जास्त चाल पुरे. बोल्टच्या डोक्यावर ९० शोअरच्या पॉलियुरेथेनची टोपी बसवा. दोन्ही बोल्ट एकाच उंचीवर आहेत ना तेही पाहा, एक वर एक खाली असला की बार तिरका आपटतो आणि चकती वाकडी पडते.

खालच्या बाजूचा ‘ठक’ स्ट्रिपर प्लेटचा. स्प्रिंग प्लेटला वर फेकतात आणि ती स्ट्रिपर बोल्टच्या डोक्याशी अडकून थांबते. तिथे ३ मिमीचा युरेथेन वॉशर टाका, पण प्लेट तेवढीच खाली बसेल, तेव्हा बोल्ट त्या हिशोबाने लांब घ्या. प्लेट पंचाच्या तोंडापेक्षा थोडी वर राहिलीच पाहिजे.

या दोन्हीशिवायही दर स्ट्रोकला दुहेरी ठक येत असेल तर बेअरिंग तपासा. मशीन बंद, वीज आणि हवा तोडलेली, काउंटरबॅलन्सची (रॅमचं वजन तोलणाऱ्या सिलिंडरची) हवा सोडलेली, रॅमला सेफ्टी ब्लॉक. मग रॅमखाली हायड्रॉलिक जॅक लावून डायल गेजने रॅम किती उचलला जातो ते बघा. ती उचल म्हणजे पिटमन, बॉल स्क्रू आणि क्रँकच्या बुशमधल्या फटींची बेरीज. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. आणि काउंटरबॅलन्सचं प्रेशर वरच्या टूलच्या वजनाप्रमाणे ठेवा. ते कमी पडलं तर रॅम स्वतःच्या वजनाने फटीभर खाली पडतो आणि गिअरचे दात उलट्या बाजूला आपटतात. टूल बदललं की प्रेशर बदलायचं, हे जवळपास सगळेच विसरतात.

कामठीरोड, संध्याकाळी ५.०२

पिन किंवा रोलिंग की क्लचवाल्या जुन्या प्रेसचंही लिहा कुणीतरी. त्यात प्रत्येक स्ट्रोकला चाबी पडल्याचा फटका असतोच.

मेंटेनन्स_बुटीबोरी, संध्याकाळी ५.२०

असतोच, आणि तो पूर्ण जात नाही. पण फटका आधीपेक्षा मोठा झाला, किंवा त्याचा सूर बदलला, तर चाबीची कड गोल झाली किंवा तिची स्प्रिंग थकली असं समजा आणि त्याच क्षणी प्रेस बंद करा. अशी चाबी पेडल सोडल्यावरही दुसरा स्ट्रोक मारू शकते. तेव्हा ऑपरेटरचा हात डायमध्ये असतो. इथे आवाजाचा नाही, बोटांचा प्रश्न आहे.

हवा_आणि_नळी, संध्याकाळी ५.४५

सगळे ‘ठण्ण’च्या मागे लागलेत, मी ‘फुस्स’कडे वळतो. ६ मिमीची उघडी नळी, लाइनमध्ये बहुधा ५ बार. एवढ्या दाबाला नळीच्या तोंडाशी हवा आवाजाच्या वेगाला पोचते. हवेच्या झोताची ध्वनिशक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते, हे ब्रिटिश गणिती लाइटहिल यांनी १९५२ साली मांडलं. म्हणजे वेग थोडा उतरवला तरी आवाज धाडकन उतरतो.

क्रमाने करा. नळी चकतीच्या जवळ आणा, ४०-५० मिमीपर्यंत, आणि कोन कडेवर लागेल असा ठेवा. जवळ आली की रेग्युलेटर खाली आणता येतो. चकती जेमतेम उडेल तिथपर्यंत उतरवा आणि त्यावर थोडंसंच वाढवा. नळीच्या टोकाला अनेक बारीक छिद्रांचा नोझल बसवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हवा सतत सोडू नका. क्रँकवर कॅम स्विच, त्यावर सोलेनॉइड. ६० एसपीएमला एक फेरा एक सेकंदाचा, चकती उडायला ०.२ सेकंद भरपूर. ६ मिमीची नळी ५ बारला सतत उघडी राहिली तर साधारण ६० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा जाते, म्हणजे १५ एचपीचा अख्खा कॉम्प्रेसर तिलाच लागतो. कानासाठी नाही तर वीजबिलासाठी तरी करा.

मेंटेनन्स_बुटीबोरी, संध्याकाळी ६.००

त्यात एक सावधगिरी. क्लच-ब्रेक व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टवरही सायलेन्सर असतो. आवाज कमी करायला बाजारातला कुठलाही सायलेन्सर लावू नका. छिद्रं तेलाने आणि धुळीने भरली की हवा उशिरा सुटते, ब्रेक उशिरा लागतो आणि प्रेसचा थांबण्याचा वेळ वाढतो. लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावताना धरलेलं अंतर मग खोटं पडतं. मोठ्या क्षमतेचाच घ्या, ठरलेल्या दिवशी बदला आणि बदलल्यावर थांबण्याचा वेळ मोजा.

कंपन_मापक, संध्याकाळी ६.३०

आता मूळ प्रश्नाकडे. कुणाचं म्हणणं किती खरं हे त्या मशीनवर मोजूनच कळेल. पायऱ्यांनी मोजा, साउंड मीटर ऑपरेटरच्या कानाच्या उंचीवर, ए वेटिंग (माणसाच्या कानाप्रमाणे मोजायची सेटिंग), प्रत्येक पायरीला किमान १०-१५ स्ट्रोकची सरासरी पातळी:

१. फक्त मोटर आणि फ्लायव्हील
२. डायशिवाय रिकामे स्ट्रोक
३. डायसह, पत्रा नाही, हवा बंद
४. पत्र्यासह, हवा बंद
५. पत्रा आणि हवा, पेटीत जाडसर गोणपाट
६. सगळं नेहमीसारखं

तिसऱ्या पायरीला एक अट: कॉइनिंग किंवा तळाला टेकणारं टूल असेल तर पत्र्याशिवाय चालवू नका. तुमच्या डायला हरकत नाही. चौथ्या पायरीत चकती हुकने काढावी लागेल, एकेक स्ट्रोक मारा, हात आत नको. मोबाइलचं अ‍ॅप फक्त आधी-नंतरच्या तुलनेपुरतं वापरा. फटक्याच्या टोकाला मोबाइलचा माइक गुदमरतो आणि आकडा कमी दाखवतो. आणि मोजताना शेडमधला मोठा कूलर बंद ठेवा. एप्रिल-मे असेल तर पहाटेच्या पाळीत मोजा.

हिंगणा_प्रेसशॉप, गुरुवार रात्री ८.५०

मोजलं. क्लास २ मीटर, शेजारच्या प्रेस बंद. क्रमाने डेसिबल: ८०, ८५, ९१, ९७, १०१, १०१.५.

कंपन_मापक, गुरुवार रात्री ९.२०

उत्तम मोजलंत. डेसिबल सरळ वजा होत नाहीत, म्हणून फोड करून देतो. ९७ वरून १०१ झालं याचा अर्थ हवा एकटी जवळपास ९९ डेसिबल. ९१ वरून ९७, म्हणजे पत्र्याचा कट एकटा सुमारे ९६. रिकाम्या डायमधला नॉकआउट आणि स्ट्रिपर मिळून ९० च्या आसपास. पेटी आज हवेखाली दबली आहे, पण अर्ध्या डेसिबलचा फरक म्हणजे ती एकटी ९१-९२ आहे, पुढे वर येईल.

कानाला ‘ठण्ण’ मोठं वाटतं कारण ते अचानक येतं. दिवसभराच्या मात्रेत मात्र ‘फुस्स’ पुढे आहे. तिथूनच सुरुवात करा. हवा ८८ वर आणली तर पेटी धरून एकूण ९८-९९ च्या दरम्यान येईल. त्यानंतर कट. उलटा क्रम धरलात, आधी डायवर खर्च केलात, तर मीटरवर दोन डेसिबलही उतरणार नाहीत आणि ‘शिअरचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघेल.

डायमेकर_इतवारी, रात्री ९.४५

मान्य. मी हवेला कमी लेखलं होतं. फक्त एक आठवण: झटक्याने होणारी मशीनची झीज हवेचा नोझल बदलून कमी होणार नाही. डायचं काम पुढच्या रिग्राइंडला घ्याच.

कान_जपा, रात्री १०.१०

आकडे आलेत म्हणून हे लिहितो. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आणि ५ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ९५ ला ४ तास, १०० ला २ तास, १०५ ला १ तास. १०१.५ ला दोन तासही मिळत नाहीत, पाळी आठ तासांची आहे. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची १९९८ ची शिफारस तर याहून कडक, ८५ डेसिबल आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. आवाजाने येणारं बहिरेपण, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेलं होतं.

प्लग दिले की झालं असं समजू नका. पाकिटावर एनआरआर (प्लग किती आवाज अडवतो त्याचा छापील आकडा) २५ लिहिलं असेल तर त्यातून ७ वजा करून निम्मे धरतात, म्हणजे प्रत्यक्षात ९ डेसिबल. १०१.५ मधून ९ गेले तरी ९२.५ उरतात. फोमचा प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग काही अडवत नाही. पाळीच्या अर्ध्या वेळात काढून ठेवला तर मिळणारा फायदा जेमतेम ३ डेसिबलचा.

हे नुकसान ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं, म्हणून सुरुवातीला कळत नाही. माणूस बोलणं ऐकतो, पण शब्दांतले ‘स’, ‘च’, ‘त’ त्याच्या हातून निसटतात. गेलेलं परत येत नाही. वर्षाला एकदा ऑडिओमेट्री करा आणि जुन्या आलेखाशेजारी नवा ठेवून बघा.

सेटर_नं_१, रात्री १०.३०

प्लगला ऑपरेटर तयार होत नाहीत त्याचं एक खरं कारण आहे. धार गेली, गुटखा अडकला, हे ते कानाने ओळखतात. प्लग घातला की मशीन परकी वाटते. त्यांना पर्याय द्या. दर ५०० चकत्यांना बर मोजायचा आणि जमलं तर बॉडीवर टनेज मॉनिटर. लोड चढला की तोच थांबवेल.

स्टॅम्पिंग_विदर्भ, शुक्रवार सकाळी ८.१५

सगळं झाकूनच टाकलं तर? प्रेसभोवती केबिन, आत रॉकवूल.

कंपन_मापक, सकाळी ८.५०

हाताने पट्टी सरकवणाऱ्या प्रेसला पूर्ण केबिन जमत नाही. आणि केबिनचा नियम सोपा पण निष्ठुर आहे. एकूण क्षेत्रफळाच्या १० टक्के भाग उघडा राहिला तर भिंती कितीही जाड असोत, १० डेसिबलच्या वर काही मिळत नाही. १ टक्का उघडा असेल तर २०. त्यात नागपूरचा उन्हाळा. बाहेर ४५ अंश असताना बंद केबिनमध्ये मोटर आणि क्लच तापतील, मग कुणीतरी दार उघडं टाकेल आणि सगळा खर्च वाया जाईल. हवा आत-बाहेर जायला अस्तर लावलेला वळणाचा डक्ट करणार असाल तरच विचार करा.

त्यापेक्षा फक्त डायच्या जागेपुढे ६ मिमी पॉलिकार्बोनेटचा गार्ड, इंटरलॉकसह. बोटांसाठी तो तसाही हवाच. जिथे नुसता हात अडवायचा आहे, आवाज नाही, अशा फ्लायव्हील आणि बेल्टच्या गार्डना सपाट पत्र्याऐवजी जाळी वापरा. सपाट पत्रा स्पीकरसारखा वाजतो, जाळी वाजत नाही. डोक्यावरच्या टिनाच्या छपराचं काय ते कळायला प्रेसपासून १ मीटर आणि ४ मीटरवर मोजा. मोकळ्या मैदानात १२ डेसिबल उतरायला हवेत. ४-५ च उतरले तर शेड घुमतोय, तेव्हा वरून शोषक पट्टे टांगायचा उपयोग होईल. तोही शेजारच्या कामगारांना, खुद्द ऑपरेटरला नाही. तो उगमाच्या अगदी जवळ असतो.

वर्धारोडचा_भाऊ, सकाळी ९.१०

पेटीचं काहून सोडून देता? ७४ ग्रॅमची चकती दोन फुटांवरून रिकाम्या पेटीत पडते, मिनिटाला साठ. जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे भंगारात स्वस्तात मिळतात, तळाला आणि मागच्या बाजूला बोल्टने बसवा. रबर सुटं टाकलं तर चकत्या खाली घुसतात. पेटीखाली लाकडी फळ्या रचून पडण्याची उंची निम्मी करा, पेटी भरत गेली की एकेक फळी काढा.

हिंगणा_प्रेसशॉप, सकाळी ११.००

मंडळी, मनापासून आभार. क्रम असा धरतोय. या आठवड्यात हवा: नोझल, रेग्युलेटर, कॅम स्विच. सोबत पेटीला पट्टा आणि नॉकआउटच्या टोप्या. रविवारी स्ट्रोक ५० आणि पंच १ मिमी आत. पुढच्या रिग्राइंडला डायवर शिअर, भोकांचे पंच ०.५ आखूड. पॅड सर्वांत शेवटी. ऑपरेटरना प्लग मात्र आजपासून.

एक शंका. स्ट्रोक ५० केल्यावर हवेचा कॅम तिथेच ठेवायचा का?

सेटर_नं_१, सकाळी ११.२५

नाही, पुन्हा लावा. नॉकआउट वरच्या टोकाला चकती सोडतो आणि आता ती आधीपेक्षा ३० मिमी खालून सुटणार, म्हणजे पडायला वेळ कमी. नळीही तेवढी खाली घ्यावी लागेल. वरच्या टोकाच्या १०-१५ अंश आधी झोत सुरू होईल असा कॅम लावा, इंचिंगवर चकती सुटताना डोळ्यांनी बघा आणि मग पाच-पाच अंशांनी मागे-पुढे करा. चकती पेटीच्या मागच्या रबरावर लागायला हवी, कडेवर नाही.

हवा_आणि_नळी, सकाळी ११.४०

आणि हवेचं काम झाल्यावर पाचवी पायरी परत मोजून इथे टाका. ९८ च्या आसपास आली नाही तर झोत अजून लांब आहे किंवा दाब जास्त आहे.

हिंगणा_प्रेसशॉप, सकाळी ११.४५

नक्की. बुधवारी पहाटेच्या पाळीत मोजतो.